गंज काढला का?

मी एक जुनी पिकअप आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हटले की लोक आधी माझ्या इंजिनाची चौकशी करतात. माझ्या इंजिनाला काहीही झालेले नाही. किल्ली फिरवली की सुरू होते, भरल्या अंगाने चढ चढते, वाटेत बसकण मारत नाही. गाडी इंजिनाने म्हातारी होते असा पुष्कळांचा समज आहे. मी पत्र्याने म्हातारी झाले. कशी झाले, तेच आज सांगते. गोष्ट थोडी दुःखाची आहे, पण तिच्यात हसण्याजोगेही एक ठिकाण आहे, आणि दुःख नेमके तिथूनच सुरू होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका दाराने सपाट पत्रे आत जायचे आणि दुसऱ्या दाराने आमच्यासारख्या गाड्या बाहेर पडायच्या. मला ठोकले, वाकवले, जोडले आणि रंगात बुचकळून काढले. बाळाला घाईघाईने न्हाऊ घातले की कानामागचा मळ तसाच राहतो ना, तसे माझे झाले. दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या जोडांच्या आत रंग पोहोचलाच नाही. बाहेरून मी निळीशार होते. उन्हात उभी राहिले तर बघणाऱ्याचे डोळे दिपत. त्या कोरड्या राहिलेल्या फटींची आठवण तेव्हा कुणालाच नव्हती, मलाही नव्हती.

मला विकत घेतले एका बर्फ पोचवणाऱ्या गृहस्थांनी. त्यांना सगळे मालक म्हणत. बर्फाचा कारखाना त्यांचा नव्हता, बर्फ त्यांचा नव्हता, ज्या दुकानांत बर्फ जायचा ती दुकानेही त्यांची नव्हती. त्यांच्या मालकीची एकटी मी. तरीही मालक! मला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्यांच्या पत्नीला कारखान्याच्या पहारेकऱ्यापासून बाजारातल्या मासे विकणाऱ्या बायकांपर्यंत सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. त्या मालकांच्या शेजारी, डाव्या बाजूच्या सीटवर बसत. पत्ते त्यांना पाठ असत, मालकांना नसत. "इथून वळा, नाही, पुढच्या गल्लीत, तुम्ही दर वेळी इथंच चुकता," एवढे ऐकत आमची सकाळ जायची.

काम कष्टाचे होते, पण मजेचे होते. बर्फाच्या लाद्या घसरत माझ्या हौद्यात यायच्या, खाली लाकडाचा भुसा आणि वर ओले गोणपाट. मासळीबाजार, सरबताची दुकाने, कुणाच्या घरचे कार्य, सगळीकडे आमची वाट बघत असत. उन्हाच्या दिवसांत तर आम्ही दिसलो की लोकांचे चेहरे उजळायचे. "हिच्या हौद्यातली लादी कमी विरघळते," असे एक सरबतवाला म्हणायचा. ते खरे नव्हते, पण स्तुती कुणाला कडू लागते?

आता खरी गोष्ट अशी की लादी सगळ्याच हौद्यांत सारखीच विरघळते. ते पाणी माझ्या अंगाखांद्यावरून वाहायचे, जोडांत शिरायचे आणि तिथेच बसायचे. बर्फ कारखान्यात लाद्यांचे साचे मिठाच्या पाण्यात उभे असतात. ते खारट पाणी लादीला चिकटून माझ्यापर्यंत यायचे. मासळीबाजारातले पाणी आणखी वेगळे. मित्रांनो, लोखंडाला पाणी सोसत नाही, आणि मीठ तर मुळीच सोसत नाही. भुसा माझ्या दारांच्या खालची बारीक भोके बुजवून टाकायचा. ती भोके आत गेलेले पाणी बाहेर पडावे म्हणून ठेवलेली असतात. ती बुजली की दाराच्या आत पाणी साचते आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही.

वहिनींना मात्र पाणी वाया गेलेले खपायचे नाही. हौद्याच्या मागच्या झडपेच्या, म्हणजे फाळक्याच्या, एका कोपऱ्यातून पाणी ठिबकायचे. गाडी थांबली की त्या खाली उतरून तिथे एक गंज ठेवायच्या. गंज म्हणजे उंच काठाचे, रुंद तोंडाचे भांडे. पाणी तापवायला, धान्य साठवायला असते ना, ते. त्यात जमलेल्या पाण्याने त्या घराच्या पायऱ्या धुवायच्या. काम झाले की गंज परत माझ्या डाव्या सीटखालच्या पोकळीत जायचा. खड्डा आला की खणखणायचा. मालक वैतागायचे, वहिनी म्हणायच्या, वाजू दे, तेवढीच करमणूक.

दुसरा गंजही तुम्हाला ठाऊक आहे. तो लोखंडावर चढतो. पाणी धरतो तोही गंज आणि लोखंडाला खातो तोही गंज. हा शब्द असा ज्याने कुणी ठेवला, तो मला भेटला असता तर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या.

पहिला फोड माझ्या मागच्या चाकावरच्या कमानीत आला. रंगाखाली एवढासा फुगवटा. मालकांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, पुटकुळी आहे, जाईल. पुटकुळ्या माणसांच्या जातात. मग एकदा माझा सायलेन्सर बदलायला त्यांनी मला पत्रेवाल्यांकडे सोडले. हे पत्रेवाले म्हणजे फार कमी बोलणारे गृहस्थ. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करायचे, कान लावायचे आणि पुढे जायचे. शब्द म्हणजे जणू खिशातले खिळे, लागतील तेवढेच बाहेर काढायचे. त्यांनी माझी डावी सीट उचलली, खाली टकटक केली आणि चेहरा वाकडा केला. तिथला आवाज ओला होता. त्यांनी तिथेच उभे राहून मालकांच्या घरी फोन लावला. पलीकडे वहिनी होत्या.

"वहिनी, गाडीत सीटखाली गंज आहे," ते म्हणाले. "तो आधी काढून घ्या. तसाच राहिला तर भोक पडेल."

एवढेच, आणि फोन ठेवला.

मी घरी आले. वहिनी लगबगीने बाहेर आल्या, त्यांनी माझ्या सीटखालून गंज काढला, भांडे हो, उलटसुलट करून त्याला कुठे भोक पडतेय का ते बघितले, आणि अंगणातल्या नळावर बसून तो घासायला घेतला. मी बघत होते. मला वाचा असती तर त्याच क्षणी ओरडले असते. संध्याकाळी मालक आले तेव्हा तो फळीवर पालथा पडून चकाकत होता, आणि पुढचे बोलणे माझ्या दाराशी उभे राहून झाले.

वहिनी म्हणाल्या, "पत्रेवाल्यांचा फोन आला होता. सीटखाली गंज आहे, काढून घ्या म्हणाले. मी काढला."

"तू काढलास? कशानं?"

"कशानं म्हणजे? काथ्यानं. घासून घासून हात दुखले. आता कसा लख्ख झालाय."

मालक थक्क झाले. दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात ज्याला त्याला सांगत सुटले की आमच्या हिने गाडीचा गंज घरच्या घरी काढला, काथ्याने. ऐकणारे माना डोलवायचे. खोटे यात कुणीच बोलत नव्हते, मित्रांनो. वहिनी खरे बोलत होत्या, मालक खरे बोलत होते, आणि माझ्या सीटखाली पत्रा सुखाने कुजत होता.

बरेच महिने गेले. पुन्हा कशासाठी तरी पत्रेवाल्यांकडे गेले, तेव्हा त्यांनी तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ते मालकांना म्हणाले, काढून घ्या म्हणालो होतो. मालक म्हणाले, काढला की, हिने घासून काढला. पत्रेवाले हातातले काम टाकून माझ्यात बसले आणि म्हणाले, चला, कशाने काढला ते मला बघू दे. घरी आल्यावर वहिनींनी मोठ्या कौतुकाने फळीवरचा गंज आणून त्यांच्या हातात दिला.

त्या दिवशी पत्रेवाल्यांना मी पहिल्यांदा आणि शेवटचे हसताना पाहिले. मालक अंगणात खाली बसून हसले. त्यांची लेक तेव्हा शाळेत जायची, ती तर पोट धरून लोळली. वहिनीही हसल्या. पुढे त्या घरात ती म्हणच पडली. कुणी भलतेच काम करून आले, मीठ आणायला जाऊन साखर घेऊन आले, की लेक विचारायची, "कुठला गंज काढलास?"

पण सगळे आत गेल्यावर वहिनी एकट्याच माझ्यात येऊन बसल्या. पायाखालचे रबरी पायपुसणे त्यांनी उचलले आणि त्या भोकातून खालची माती बघितली. "माझ्यामुळं पडलं गं तुला हे भोक," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटले, कारण चूक त्यांची नव्हतीच. चूक त्या शब्दाची होती.

त्यानंतर वहिनींनी माझे अंग स्वतःच्या ताब्यात घेतले. पत्रेवाल्यांनी कुजलेला पत्रा कापून काढला आणि नवा तुकडा जोडला, तेव्हा त्या शेजारी उभ्या राहून प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. भोकात नुसती पुट्टी भरून वरून रंग का नाही मारायचा? कारण पुट्टीमागे पाणी साचते आणि गंज आत बसून खात राहतो. वरून सुंदर, आतून पोकळ. मग काय करायचे? फोड दिसला की तो फोडायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, पॉलिश पेपरने खालचा उजळ पत्रा दिसेपर्यंत जायचे, वर गंजाचे औषध लावायचे, ते काळे पडून वाळले की प्रायमर, मग रंग. जिथे हात पोचत नाही तिथे तेल सोडायचे. पायपुसणे दर वेळी उचलून खालचा पत्रा वाळवायचा. आणि दारांची भोके मोकळी ठेवायची.

"मग जाईल ना गंज?" वहिनींनी विचारले.

"जात नाही," पत्रेवाले म्हणाले. "चाल मंद करता येते."

वहिनींना हे उत्तर आवडले नाही, पण त्यांनी ते मनावर घेतले. बर्फ कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, इतरांच्या बायका दुपारी पाठ टेकायच्या तेव्हा, वहिनी माझ्याखाली चटई टाकून पाठ टेकायच्या. दारांच्या भोकांसाठी त्यांनी वेगळे हत्यार आणले नाही. अंबाड्यातली पिन काढायच्या, दाराच्या खालच्या कडेने एकेक भोक टोकरायच्या, आतले तपकिरी पाणी ठिबकले की खूश व्हायच्या आणि पिन पुसून परत केसांत खोवायच्या. लेक ओरडायची, आई, शी. वहिनी म्हणायच्या, गाडीच्या कानातला मळ आहे, त्याला काय होतंय. माझ्या निळ्या रंगावर ठिकठिकाणी वेगळ्या निळ्या रंगाची ठिगळे पडली, कारण दुकानात दर वेळी तोच निळा मिळायचा नाही. लोकांना मी विजोड दिसायचे. मला मात्र ती ठिगळे दागिन्यांसारखी वाटत.

माझ्याबरोबरच्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. मी चालत राहिले. लेक मोठी झाली, नोकरीला लागली. मालकांचे केस पांढरे झाले. सुट्टीच्या संध्याकाळी ते ओट्यावरून हाक मारायचे, "गंज काढला का?" आणि माझ्याखालून उत्तर यायचे, "काढला." हा त्यांचा लाडका विनोद होता. मला वाटायचे हे असेच चालणार. नव्या गाड्या येतील आणि जातील, आम्ही तिघे तसेच राहू.

मग वहिनी आजारी पडल्या.

आधी पोट दुखते म्हणून घरीच होत्या, मग दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, मग मोठ्या हॉस्पिटलात ठेवले. लेक रजा घेऊन आईजवळ राहिली. मालक सकाळी बर्फ टाकायचे, दुपारी हॉस्पिटलात जायचे, संध्याकाळी पुन्हा बर्फ. पत्ते सांगायला शेजारी कुणी नव्हते, त्यामुळे रस्ते चुकायचे आणि उशीर व्हायचा. ओले गोणपाट हौद्यात तसेच पडून राहू लागले. पायपुसणे कुणी उचलत नव्हते. सुट्टीच्या दिवशी मालक अंगणात यायचे, तारेचा ब्रश हातात घ्यायचे, ओट्यावर बसायचे आणि बसल्या जागी झोपून जायचे. मी त्यांना दोष देत नाही. माणूस किती ठिकाणी पुरणार?

मोबाइल ते माझ्या समोरच्या काचेपाशी ठेवत आणि मोठ्या आवाजावर लावत. म्हणून वहिनींचा आवाज मला ऐकू यायचा. दिवसेंदिवस तो बारीक होत होता. जेवलात का, झोपलात का, असे सगळे विचारून झाले की त्या विचारायच्या, "गंज काढला का?"

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मालकांनी खाली बघितले. त्यांच्या पायाखाली मी होते. पायपुसण्याखाली पाणी होते, ते त्यांनाही ठाऊक असणार, कारण चप्पल ओली होत होती.

"काढला," ते म्हणाले.

"दाराची भोकं?"

"मोकळी केली. तू नको काळजी करू."

फोन संपल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. येत्या सुट्टीला नक्की काढू, असे ते स्वतःशीच पुटपुटले. आणि त्यांच्या मनात खरेच तसे होते. पण ती सुट्टी आली तेव्हा वहिनींना जास्त झाले आणि दिवसभर ते हॉस्पिटलातच होते. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न आला आणि पुन्हा तेच उत्तर गेले. मग ते उत्तर सवयीचे झाले. आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून दिलेले खोटे उत्तर होते ते, त्यात वाईट काही नव्हते. फक्त ते उत्तर माझ्या अंगावर उभे राहून दिलेले होते, आणि ते खोटे आहे हे मला कणाकणाने कळत होते. वहिनींनी वर्षानुवर्षे मागे लोटलेला गंज आता मोकळा झाला होता. तो जोडांतून निघाला, सीटखालच्या नव्या तुकड्याच्या कडेकडेने फिरला आणि सीट जिथे बोल्टने घट्ट बसवलेली असते तिथे पोहोचला.

एक दिवस डॉक्टरांनी सांगितले की आता घरी न्या. मालकांना आधी वाटले, बऱ्या झाल्या. मग लेकीने त्यांना बाजूला घेऊन सांगितले असणार, कारण त्या दुपारी ते माझ्यात येऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोके टेकून रडले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. हॉर्न वाजला तेव्हा ते दचकले.

त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांना सगळे ठाऊक होते, आवाजावरून कळत होते. त्यांनी एकच मागणे केले. "मला न्यायला आपली गाडी आणा. त्या पांढऱ्या गाडीत मला आडवी घालून नेऊ नका. मी माझ्या सीटवर बसून घरी येणार. सीट नीट आहे ना?"

"नीट आहे," मालक म्हणाले.

"गंज?"

"काढला गं."

माझ्या मनात आले, आता तरी बघा. आता तरी वाका. पण ते घर आवरायला गेले. खाट हलवली, उशा उन्हात टाकल्या. सकाळी त्यांनी मला धुतले. बाहेरून, साबणाने, प्रेमाने. माझ्या सीटवर घरातली सगळ्यात मऊ गोधडी घडी करून घातली. पायपुसण्यावरून ओले फडके फिरवले. ते उचलले नाही.

हॉस्पिटलच्या दारात मी उभी राहिले. उताराच्या फरशीवरून लेक आणि एक कर्मचारी वहिनींना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आले. मित्रांनो, मी त्यांना ओळखलेच नाही. अंबाडा नव्हता, केस मुलासारखे बारीक कापले होते. शालीत एवढेसे काहीतरी गुंडाळलेले होते आणि त्यात ते दोन डोळे. त्या डोळ्यांनी मला ओळखले. "किती चकाकतेय," त्या म्हणाल्या. मालकांची छाती फुगली. त्यांनी दार उघडले. पायपुसण्याचा कुबट वास आला, तो वहिनींना सोसणार नाही असे वाटून त्यांनी ते झटकायला उचलले.

पायपुसण्याबरोबर माझा तळ वर आला. तपकिरी पापुद्रे त्याला चिकटून आले आणि फरशीवर पडले. जिथे वहिनींचे पाय असायचे तिथे भगदाड होते आणि त्यातून खालची फरशी लख्ख दिसत होती. मालकांनी सीटला हात लावला. पुढचा बोल्ट पत्र्यासकट हातात आला आणि सीट भगदाडाकडे कलली.

मालक एका हातात पायपुसणे आणि एका हातात बोल्ट घेऊन उभे होते. लेकीला काही कळेना, ती एकदा वडिलांकडे बघत होती, एकदा आईकडे. मी लाजेने मेले असते, पण गाड्यांना तेही करता येत नाही. वहिनी ते भगदाड बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून मालकांकडे बघितले. इतक्या फोनांवरचे सगळे "काढला" त्या मनातल्या मनात मोजत असणार, असे मला वाटले. मालकांनाही वाटले असावे.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, कुठला गंज काढलात?"

मालकांनी पायपुसणे खाली ठेवले.

"भांडं काढलंत वाटतं," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या. हसताना त्यांना ठसका लागला, तरी हसल्या. "असू दे. माझंही तेच झालं होतं."

मालक तिथेच त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि त्यांनी वहिनींच्या मांडीवर डोके ठेवले. मला त्या वेळी कळले की क्षमा इतक्या हलक्या हाताने करता येते. आपण केलेल्या जुन्या चुकीत त्यांनी मालकांसाठी जागा करून दिली होती.

लेक भाड्याची गाडी बघायला निघाली तेव्हा वहिनींनी तिला थांबवले आणि तिच्या केसांतली पिन मागितली. खुर्चीतून त्या नेमक्या माझ्या दाराच्या खालच्या कडेच्या उंचीला आल्या होत्या. भोक सापडेना. मालकांनी त्यांचा हात धरला. पिन आत गेली आणि दारातले तपकिरी पाणी हॉस्पिटलच्या फरशीवर ओघळले. कर्मचारी बाजूला सरकला. वहिनींनी पिन शालीला पुसली आणि सवयीने डोक्याकडे नेली. तिथे ती खोवायला केस नव्हते. मग त्यांनी ती मालकांच्या खिशात ठेवली.

वहिनी भाड्याच्या गाडीतून घरी गेल्या. मागोमाग मी, कललेली सीट आणि तिच्यावरची गोधडी घेऊन. आयुष्यभर ओझी वाहिली, पण त्या दिवशीइतकी रिकामी आणि त्या दिवशीइतकी जड मी कधी नव्हते. त्यांचे एकच मागणे होते आणि ते मला पुरवता आले नाही.

थोड्याच आठवड्यांत वहिनी गेल्या. त्यांची खाट खिडकीशी होती आणि खिडकीतून मी दिसायचे, असे लेक म्हणाली.

त्यानंतर मालक मला पत्रेवाल्यांकडे घेऊन गेले. पत्रेवाल्यांनी पुढून मागपर्यंत टकटक केली. फार वेळ लागला. मग म्हणाले की तळ नवा घालता येईल, पण गंज चॅसीलाही, म्हणजे खालच्या सांगाड्यालाही, लागला आहे, आता भंगारात दिली तरी कुणी नावे ठेवणार नाही. मालकांनी नकारार्थी मान हलवली. "चाल मंद करता येते ना?" त्यांनी विचारले. "मग मंदच करा." पत्रेवाल्यांनी ब्रश उचलला आणि दुसरा ब्रश मालकांच्या हातात दिला.

आता मी बर्फ वाहत नाही. कोरडी खोकी वाहते, तीही जवळपासची. डावी सीट पुन्हा घट्ट बसली आहे, पण तिच्यावर कुणी बसत नाही. मालक रस्ते चुकतात आणि कुणी सांगायला नसते. सुट्टीच्या दिवशी ते माझ्याखाली चटई टाकतात. गुडघे दुखतात, कण्हतात, पण येतात. पायपुसणे उचलून खालचा पत्रा वाळवतात. खिशातून ती पिन काढतात आणि दारांची सगळी भोके टोकरतात. खाली फळीवरचा तो गंज ठेवलेला असतो, तपकिरी पाणी त्यात ठिबकते. माझे फार दिवस उरलेले नाहीत हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही, माझे वय झाले. तुमच्या घरी सायकल असेल, पंखा असेल, एखादी आजारी व्यक्ती असेल. वरची चकाकी बघून नीट आहे असे म्हणू नका. आणि कुणी काळजीने काही विचारले तर आधी वाका, उचलून बघा आणि मग उत्तर द्या.

काम संपले की मालक माझ्याखालून बाहेर येतात, हात पुसतात आणि ओट्याकडे तोंड करून म्हणतात, "काढला गं." आता ते अगदी खरे असते. विचारलेले मात्र कुणी नसते.